बंद माळा, वटवाघळांच्या लेंड्या आणि मामाचा न उतरणारा ताप

कंदीलवाली (धागाकर्ती)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय घाणीचा आहे, जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

माझा मामा, वय ५८, ना सिगरेट ना शुगर, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारा माणूस. गेल्या महिन्यात त्याने सात-आठ वर्षं कुलूपबंद असलेल्या एका घराचा माळा साफ केला, दोन दिवस लागले, तासभर माझा मामेभाऊही मदतीला होता. माळ्यावर वटवाघळं होती, कधीपासून ते देव जाणे, आणि खाली लेंड्यांचा थर एवढा की पाऊल टाकलं की भुशात रुतल्यासारखं व्हायचं. मामाला आधी वाटलं उंदराच्या लेंड्या, पण एक उचलून चिमटीत दाबली तर लगेच चुरा झाला आणि त्या चुऱ्यात काहीतरी चमचमत होतं, किड्यांच्या पंखांचे तुकडे. मग काय, नाकातोंडाला रुमाल, हातात झाडू, आणि मामा सुरू. मामेभाऊ म्हणतो छपराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येत होती, ती हात लावून धरता येईल इतकी घट्ट दिसत होती, एवढी धूळ. मामा त्या धुळीत उभा राहून गाणं म्हणत होता.

बाराव्या दिवशी ताप. १०२, थंडी, कोरडा खोकला, छातीत चमका, डोकं ठणकतंय. व्हायरल म्हणून पाच दिवस गेले, मग अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक. ताप तसाच. एक्स-रे काढला तर दोन्ही फुफ्फुसांत मोहरी पसरल्यासारखे बारीक ठिपके आणि छातीतल्या गाठी सुजलेल्या. सगळ्यांच्या डोक्यात एकच, टीबी. बेडका तपासला, निगेटिव्ह. पुन्हा तपासला, निगेटिव्ह. तरी टीबीची औषधं सुरू करून बघू असं जवळपास ठरलंच होतं, तेवढ्यात रात्रपाळीची एक शिकाऊ डॉक्टर पोरगी फाईल चाळत आली आणि मामाला म्हणाली, काका, आजारी पडायच्या आधीच्या महिन्यात काय काय केलंत ते सगळं सांगा, कुठे गुहेत गेला होतात, कोंबड्यांचं खुराडं, पडकी इमारत, काही? तोपर्यंत हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकीही कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. माळ्याचा आणि तापाचा काय संबंध!

लघवीची कसलीशी अँटिजेन टेस्ट बाहेर पाठवली, पॉझिटिव्ह. हिस्टोप्लाझ्मोसिस. बुरशीचा संसर्ग. आता इट्राकोनॅझोल नावाच्या कॅप्सूल चालू आहेत, घरी आलाय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा:
घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, मामाकडून त्याला लागण होईल का? मामेभावाला चार दिवस नुसती कणकण होती आणि आपोआप बरा झाला, त्याचं काय? आणि मामाने भरलेली पोती अजून अंगणात पडली आहेत, त्याला ती झाडांना खत म्हणून घालायची होती, त्यांचं काय करायचं?

---

शंकासुर

वाईट वाटलं वाचून. पण वटवाघूळ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. हे कोविडसारखं काही आहे का? मामांना वेगळ्या खोलीत ठेवा म्हणतो मी.

---

कल्चरवाली

शंकासुर, थांबा जरा. मामांना वेगळं ठेवायची काहीच गरज नाही. हा व्हायरस नाही, बुरशी आहे, आणि ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे खोकल्यातून जात नाही. बाळाला खुशाल मामांच्या मांडीवर द्या. फक्त त्या पोत्यांच्या आसपास फिरकू देऊ नका.

मी मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये आहे म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. या बुरशीचं नाव हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम. हिची दोन रूपं असतात. मातीत, म्हणजे २५ अंशांच्या आसपास, ती धाग्यांच्या रूपात वाढते आणि त्या धाग्यांवर बीजाणू धरतात. हे बीजाणू श्वासातून आत गेले की शरीराच्या ३७ अंशांवर तीच बुरशी रूप बदलते, धागेबिगे सोडून यीस्टसारख्या गोल पेशी होतात. मग आपल्याच ज्या पेशी जंतू गिळायला येतात त्यांच्या पोटात बसून ती वाढते. चोराने पोलीस चौकीतच मुक्काम टाकावा तसं. साधारण दोनेक आठवड्यांत आपली प्रतिकारशक्ती जागी होऊन त्या पेशींना बळ देते आणि बहुतेकांच्यात गोष्ट तिथेच संपते.

लहान बीजाणू २ ते ५ मायक्रॉनचे. केसाची जाडी ७० च्या आसपास धरा. आता रुमालाची वीण डोळ्यांसमोर आणा. मामांनी रुमाल बांधला तो ढेकळं अडवायला ठीक होता, बीजाणूंना तो उघडा दरवाजा. त्यातून इतके छोटे की थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जाऊन बसतात.

लॅबमध्ये हिची प्लेट वाढवली की आधी पांढरा कापूस पिंजल्यासारखी दिसते, मग हळूहळू तपकिरी होते. मायक्रोस्कोपखाली मोठे बीजाणू फार देखणे, गोल आणि कडेने सगळीकडे बोटांसारखे उंचवटे, लहान मूल सूर्य काढतं ना तसे. पण देखणी म्हणून झाकण उघडून बघायची नाही. अशी संशयित प्लेट आम्ही टेपने बंद करतो आणि फक्त सुरक्षा कॅबिनेटमध्ये हाताळतो, कारण लॅबवाल्यांना प्लेटवरून लागण झाल्याची उदाहरणं आहेत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं "बुरशीचा संशय, वटवाघळांच्या जागेत वावर" इतकं लिहिलं तरी आमचा जीव वाचतो, पण लिहितं कोण!

कल्चर यायला चार ते सहा आठवडेही लागतात, म्हणून लघवीतल्या आणि रक्तातल्या अँटिजेनची टेस्ट कामाची.

---

निवांत

अरे देवा. माझ्या बाल्कनीत कबुतरांनी वैताग आणलाय. रोज सकाळी मीच झाडून काढतो. आता मला पण होणार का हे?

---

आजोबांचा_नातू

हलकेच घ्या निवांत. आमच्या आजोबांचं आख्खं आयुष्य कोंबड्यांत गेलं, रोज खुराडं झाडायचे, ९१ वर्षं जगले. हल्ली एक एक रोग शोधून काढायचे आणि माणसांना घाबरवायचं एवढंच चाललंय.

---

छातीठोक

नाव बघून कळलंच असेल, छातीविकारतज्ज्ञ आहे. इथे कुणाला औषध लिहून देत नाही, फक्त समज-गैरसमज.

आजोबांचा_नातू, तुमचे आजोबा आणि माझं म्हणणं यांत काही भांडण नाही. या बुरशीची लागण होणाऱ्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा दोन दिवस अंग मोडून येतं. अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत पूर्वी त्वचेवरच्या चाचण्या केल्या होत्या, काही भागांत ६० ते ९० टक्के लोकांना कधी ना कधी लागण होऊन गेलेली निघाली. त्यातले बहुतेक आपल्या आयुष्यात मजेत होते. छातीत एखादा कॅल्शियमचा ठिपका राहतो तेवढाच. आजोबांचा एक्स-रे काढला असता तर कदाचित सापडलाही असता.

फरक पडतो तो दोन गोष्टींनी. एक, बीजाणू किती गेले. मामेभाऊ तासभर, मामा दोन दिवस, हिशेब तिथेच आहे. दोन, तुमची प्रतिकारशक्ती कशी आहे. एचआयव्ही, अवयव बदललेले रुग्ण, बरेच दिवस स्टिरॉइड घेणारे, संधिवातासाठी टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं एक प्रथिन) अडवणारी इंजेक्शनं घेणारे (या औषधांवर अमेरिकेच्या एफडीएने २००८ साली याच बुरशीबद्दल कडक इशारा दिला होता), अगदी तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं. यांच्यात ती फुफ्फुसात न थांबता यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा, तोंडातले न भरणारे व्रण, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी असं कुठेही पसरू शकते आणि तेव्हा औषध मिळालं नाही तर माणूस दगावतो. ज्यांची फुफ्फुसं सिगरेटने आधीच फुगून विरली आहेत त्यांच्यात वरच्या भागात पोकळ्या पडतात, ते चित्र तर टीबीची हुबेहूब नक्कल असतं.

आता निवांत. खिडकीच्या कठड्यावरची ताजी शिट हा हिस्टोचा मोठा धोका नाही. ही बुरशी वाढते ती विष्ठेने खतावलेल्या मातीत, जुन्या साचलेल्या ढिगात. पक्ष्याला स्वतःला हा रोग होत नाही, त्याचं अंगच ४०-४२ अंश गरम, बुरशीला ते सोसत नाही. पक्षी फक्त जमिनीला नत्राचं खाणं पुरवतो. वटवाघळाचं तसं नाही, त्याला लागण होते आणि त्याच्या विष्ठेतून बुरशी बाहेरही पडते.

पण म्हणून कबुतरांच्या बाबतीत निवांत राहू नका (कोटी आपोआप झाली). कबुतरांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीची अ‍ॅलर्जी होऊन फुफ्फुसं कडक होत जाण्याचा एक वेगळा आजार आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. त्यात जंतू नाही, बुरशी नाही, तुमचं शरीरच त्या धुळीवर खवळतं. माझ्याकडे कबुतरांमुळे येणारे पेशंट हिस्टोचे क्वचित, या आजाराचे जास्त. शिवाय कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची आणखी एक बुरशी असते. आणि पोपटाबिपटांपासून होणारा सिटाकोसिस हा बॅक्टेरियाचा न्यूमोनिया. सगळ्यांना एकच "पक्ष्यांचा रोग" म्हणू नका, औषधं पूर्ण वेगळी आहेत.

---

निवांत

झाडू ठेवला खाली. धन्यवाद डॉक्टर. (म्हणजे बादली घ्यायची?)

---

छातीठोक

हो, भिजवून पुसायचं. कोरडं झाडायचं नाही.

---

जुनेपाने

भारी धागा. मला या रोगाचं नावच फार आवडतं, कारण त्यातल्या तीनपैकी दोन तुकडे चुकलेले आहेत.

१९०५ चा डिसेंबर, पनामा कालव्याचं काम चालू. तिथल्या अँकन हॉस्पिटलात सॅम्युएल डार्लिंग नावाचा डॉक्टर मेलेल्या मजुरांची शवविच्छेदनं करायचा. मार्टिनीकहून आलेला एक सुतार, सगळ्या अवयवांत बारीक गाठी, वाटलं टीबी. काचपट्टीवर बघतो तर टीबीचे जंतू नाहीत, पेशींच्या आत छोटे छोटे गोल जीव. त्या वेळी काळा आजाराच्या परजीवीचा बोलबाला होता, डार्लिंगही त्याच्याच शोधात होता, त्यामुळे त्याला वाटलं हा त्याचाच कुणीतरी चुलतभाऊ. १९०६ मध्ये त्याने छापलं. हिस्टोसाइट पेशीत राहणारा म्हणून हिस्टो, मलेरियाच्या प्लाझ्मोडियमसारखा म्हणून प्लाझ्मा, भोवती कवच दिसलं म्हणून कॅप्सुलेटम. तर तो प्लाझ्मोडियमसारखा नाहीच, बुरशी आहे, आणि कवचही नाही, रंग देताना पेशी आकसते आणि भोवती रिकामी कड दिसते तेवढंच. दा रोशा-लिमा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये सांगितलं की बाबांनो ही बुरशी दिसतेय. दमाँब्रँने १९३४ मध्ये ती वाढवून दाखवली. आणि मातीत राहते हे कळायला १९४९ उजाडलं, एमन्सने तिथून ती काढली.

मधली गोष्ट मात्र आपल्या मामांच्या जवळची आहे. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत डॉक्टरांना कोडं पडलं होतं की इतक्या लोकांच्या छातीत टीबी बरा झाल्यासारखे ठिपके दिसतात पण टीबीची चाचणी निगेटिव्ह, असं कसं? क्रिस्टी आणि पीटरसन यांनी हिस्टोची त्वचाचाचणी करून बघितली, तर ती पॉझिटिव्ह. म्हणजे टीबीच्या नावावर जमा झालेला बराच माल भलत्याच खात्यातला होता.

---

शंकासुर

म्हणजे हा अमेरिकेतला रोग ना? मग इकडे कशाला टेस्ट बिस्ट.

---

जुनेपाने

नाही हो. भारतातली पहिली नोंद १९५४ ची, पांजा आणि सेन, कलकत्ता. १९७५ मध्ये तिथल्याच मातीतून बुरशीही सापडली. आफ्रिकेत तिचं एक वेगळं भावंड आहे, ड्युबॉइसी, ते कातडी आणि हाडं जास्त धरतं. युगांडात २०११ मध्ये जीवशास्त्राचे विद्यार्थी वटवाघळं बघायला एका पोकळ झाडाच्या बुंध्यात शिरले, २४ पैकी १३ जण आजारी. मेक्सिकोत २००१ मध्ये अकापुल्कोला सुट्टीवर गेलेले अमेरिकन विद्यार्थी शेकड्यांनी पडले, हॉटेलात बांधकाम चाललं होतं. इंडियानापोलिस शहरात १९७८-७९ ला मोठी साथ, ४३५ नोंदलेले रुग्ण, १५ मृत्यू, आणि न नोंदलेले म्हणजे लाखभर असावेत असा अंदाज होता.

आणि माझी सगळ्यात आवडती, म्हणजे आवडती कशी म्हणू, पण १९७० साली पहिलाच वसुंधरा दिन, ओहायोतल्या डेलावेअर गावच्या शाळेत पोरांनी उत्साहाने आवारातलं अंगण खरडून झाडून स्वच्छ केलं. तिथे वर्षानुवर्षं पक्षी बसायचे. उडालेली धूळ शाळेच्या हवा खेळवायच्या यंत्रणेने ओढून वर्गावर्गांत नेली. जवळपास ४०० जण आजारी, त्यातले कितीतरी असे की ज्यांनी झाडूला हातही लावला नव्हता.

बॉब डिलनलाही १९९७ मध्ये हाच झाला होता, त्याच्या हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली होती. गाण्याचा दौरा रद्द करावा लागला.

---

मधली_बेंच

जुनेपाने यांच्याशी बाडीस (बाय डीफॉल्ट सहमत). माझा अनुभव लिहिते, आजवर कुठेच लिहिला नव्हता.

मला चार वर्षांपूर्वी छातीत गाठी, ताप, सांधे सुजलेले, नडग्यांवर लाल दुखऱ्या गुठळ्या. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे पुंजके, आले. सारकॉइडोसिस (कुठल्या जंतूशिवाय अवयवांत असेच पुंजके होण्याचा आजार) म्हणून स्टिरॉइड सुरू झाले, एका मोठ्या दवाखान्यात, नाव लिहीत नाही. पहिले दोन आठवडे काय छान वाटलं म्हणून सांगू, ताप गेला, सांधे सुटले, मी तर नाचायचीच बाकी होते. मग तिसऱ्या महिन्यात जीभेवर एक व्रण झाला तो भरेचना, वजन अकरा किलो उतरलं, उठून उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधार. व्रणाचा तुकडा काढला आणि त्यावर बुरशीसाठीचा चांदीचा रंग लावला तेव्हा यीस्ट दिसले. पहिल्या बायोप्सीची काचपट्टी परत मागवली, तिलाही तोच रंग लावला, तिच्यातही होते. आधी तो रंग कुणी लावलाच नव्हता.

अ‍ॅड्रिनल ग्रंथी दोन्ही सुजल्या होत्या. आधी इस्पितळात लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनची सलाईनं, मग वर्षभराहून जास्त इट्राकोनॅझोल. आता ठीक आहे, पण अ‍ॅड्रिनलसाठीची गोळी कायमची लागली.

मी काय झाडलं होतं? काहीच नाही. आम्ही राहायचो त्याच्या शेजारच्या प्लॉटवर जुनं पोल्ट्री शेड होतं, कोंबड्या जाऊन कित्येक वर्षं झाली होती, ते पाडलं आणि जमीन खणली. मी खिडकी उघडी ठेवून अभ्यास करत बसायचे.

---

कंदीलवाली

मधली_बेंच, काटा आला अंगावर. पहिल्या काचपट्टीतच होतं म्हणजे...

---

छातीठोक

मधली_बेंच, लिहिलंत ते फार बरं केलंत. सारकॉइड आणि हिस्टो दोन्हींत ग्रॅन्युलोमा आणि छातीतल्या गाठी, आणि सारकॉइडला स्टिरॉइड हेच औषध, जे हिस्टोला मोकळं रान देतं. म्हणून स्टिरॉइडच्या आधी बुरशी नाही ना हे बघणं आलंच. उलट दिशेनेही फसगत होते. छातीत एकच गोल गाठ, पेट स्कॅनवर चमकते, सगळे कॅन्सर धरून चालतात, कापून काढली की आत जुना हिस्टो.

आणि सगळं फिरून येतं माळ्यावर. लघवीची टेस्ट आहे, रंग आहे, औषध आहे, पण हे सगळं कपाटात बंद राहतं जोवर कुणी विचारत नाही की काय खणलंत, काय पाडलंत, काय झाडलंत. आमच्याकडे वीस पेशंट बाहेर बसलेले असतात, आम्ही विसरतो. कबूल. तुम्ही न विचारता सांगा. मूर्खपणाचं वाटलं तरी सांगा. साधारण ३ ते १७ दिवस मागे मोजा, तेवढ्यात काय केलंत ते.

कंदीलवाली, मामेभावाबद्दल: सौम्य आजार चार आठवड्यांच्या आत आपणहून गेला तर निरोगी माणसाला सहसा औषध लागत नाही. डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा, खोकला-ताप परत आला तर माळ्याची गोष्ट पहिल्या वाक्यात. मामांना किती दिवसांचा कोर्स सांगितलाय? आणि दुसरी कुठली औषधं चालू आहेत?

---

कंदीलवाली

१२ आठवडे सांगितलाय. बाकी काही नाही, फक्त ती सकाळची अ‍ॅसिडिटीची गोळी, ती काय तो वर्षानुवर्षं घेतोय.

---

छातीठोक

ती! हेच विचारायचं होतं. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पोटातल्या आम्लाशिवाय नीट विरघळत नाही. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर कॅप्सूल गिळली जाते पण रक्तात पुरेशी उतरत नाही. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते. पातळ औषधाच्या रूपात मिळतं ते उलट रिकाम्या पोटी. आणि दोनेक आठवड्यांनी रक्तातली पातळी तपासतात. अ‍ॅसिडिटीची गोळी परस्पर बंद करू नका, उद्या फोन करून डॉक्टरांना फक्त हे सांगा. हार्टचा त्रास किंवा कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तेही, या औषधाची पुष्कळ औषधांशी भांडणं आहेत. टीबीची औषधं सुरू झाली नाहीत हे एका अर्थी बरंच, त्यातलं रिफाम्पिसिन इट्राकोनॅझोलला रक्तात टिकूच देत नाही.

---

कुंडीतला

मला मधेच एक विचारायचंय. बागकामाच्या ग्रुपवर लोक वटवाघळाचं खत ऑनलाइन मागवतात, ग्वानो म्हणून, फुलं फार येतात म्हणे. माझ्याकडेही एक पाकीट आहे, उघडलेलं नाही. टाकू का?

---

कल्चरवाली

मी असते तर टाकलं असतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरची बातमी आली होती, दोन साठीच्या आसपासचे गृहस्थ, घरच्या गांजाच्या झाडांना वटवाघळाचं खत घालायचे, एकाने ऑनलाइन घेतलेलं, दुसऱ्याच्या माळ्यावरच होतं. दोघेही गेले. प्रत्येक पाकिटात बुरशी असते असं मी म्हणत नाही, पण घरगुती ग्राहकाला ती आहे की नाही ते कळायला मार्ग नाही, आणि ती कोरडी पूड ओतताना आपलं नाक कुंडीवरच असतं.

---

पाकोळी

इतका वेळ गप्प होते, आता वटवाघळांची वकिली करते. मी वटवाघळांच्या सर्वेक्षणात काम करते, गुहांत जाते, अजून धडधाकट आहे.

कृपया हा धागा वाचून कुणी माळ्यावर धूर करायला, विष घालायला जाऊ नका. मामांच्या वर्णनातल्या लेंडीत चमचमणारे पंखाचे तुकडे होते ना, म्हणजे ती किडे खाणारी लहान वटवाघळं. एकेक जण रात्रीत शेकडो किडे फस्त करतं. मेलेल्या वटवाघळाने ढीग तर कमी होत नाहीच, उलट भिंतीत कुजतात. हाकलायचंच असेल तर संध्याकाळी ती बाहेर पडतात त्या फटीवर वरून सैल जाळी सोडायची, बाहेर जाता येतं, आत येता येत नाही. काही दिवसांनी सगळी गेली की फट बुजवायची. पिल्लं उडायला लागली नसतील त्या काळात हे अजिबात करायचं नाही, आया बाहेर आणि पिल्लं आत उपाशी.

आणि मग सफाई. आम्ही आत जाताना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ किंवा त्याहून वरचा मास्क, हातमोजे, टाकून देण्याचा अंगरखा. आधी दारं-खिडक्या आणि घराच्या आत जाणाऱ्या वाटा बंद. मग पाण्याचा बारीक फवारा, जोराची धार नाही, धारेने उलट उडतं. चिखल होईपर्यंत भिजवायचं, फावड्याने अलगद उचलायचं, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बांधून वर दुसरी पिशवी. साधा व्हॅक्यूम क्लीनर कधीच नाही, तो मागून सगळं खोलीभर फेकतो. कपडे तिथेच काढून बंद पिशवीत. आणि मामांच्या माळ्याएवढा थर असेल तर स्वतः करूच नये, ज्यांचं हे काम आहे त्यांना बोलवावं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर त्या घरातही थांबू नये.

---

आजोबांचा_नातू

धागा पूर्ण वाचला. माझा आधीचा प्रतिसाद जरा आगाऊ होता. आजोबांना शेवटी शेवटी डोळ्याने दिसत नव्हतं मधोमध, त्याचा काही संबंध?

---

छातीठोक

९१ व्या वर्षी मधोमध न दिसायची इतर कारणं जास्त शक्यतेची. हिस्टोशी जोडला जाणारा डोळ्याच्या पडद्याचा एक आजार आहे खरा, पण आता त्यावरून काही म्हणणं म्हणजे अंदाजपंचे.

---

कंदीलवाली

अपडेट. डॉक्टरांना अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं सांगितलं. त्यांनी लगेच पातळी तपासायला लावली, आणि खरंच कमी आली. आता ती गोळी बंद करून पथ्यावर ठेवलंय, कॅप्सूल जेवणासोबत. ताप गेले नऊ दिवस नाही. वजन दीड किलो परत आलं. मामा आता चिडचिड करतो, म्हणजे बरा होतोय. त्या रात्रपाळीच्या पोरीला भेटायला गेला होता, तर ती दुसऱ्या वॉर्डात बदलून गेलेली.

पोत्यांचं: पाकोळीने सांगितलं तसं सगळं केलं, म्हणजे आम्ही नाही, माणसं बोलावली. त्यांनी आधी पोती भिजवली, मग दुहेरी पिशव्यांत घालून नेली. माळाही भिजवून काढला. बाळाला दोन दिवस मावशीकडे ठेवलं होतं.

फक्त एक घोळ झाला. माणसं दोन पोती घेऊन गेली. रात्री मामा म्हणतो, दोन कुठली, मी तीन भरली होती. शोधाशोध झाली, तेव्हा कळलं की मामा आजारी पडला त्या आठवड्यातच शेजारच्या काकूंनी एक मागून नेलं होतं, गुलाबांना घालायला. मी धावत गेले. काकू म्हणाल्या, अगं घातलं की, हाताने चुरून चुरून घातलं, बघ कळ्या किती आल्यात. महिना उलटून गेलाय, खोकला नाही, ताप नाही, त्या ठणठणीत आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं, उरलेलं अर्धं पोतं न हलवता पाणी मारून झाकून ठेवलंय, तीच माणसं उद्या पुन्हा येतायत.

छातीठोक, काकूंना संधिवातासाठी महिन्यातून दोनदा एक इंजेक्शन असतं. नाव त्यांना आठवत नाहीये, खोका शोधायला सांगितलाय.

---

छातीठोक

खोका सापडायची वाट बघू नका. उद्या सकाळी त्यांना घेऊन जा, ठणठणीत असल्या तरी. पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी.